अकरा नंबरचा बावटा

अहो, आज शुक्रवार. दुपारी रिक्षा भोंग्यातून ओरडत गेली. नवा सिनेमा लागला आहे, तीन ते सहा आणि सहा ते नऊ. मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं, पायरीवर येऊन बसले आणि साडेसहापर्यंत तिथेच बसून राहिले. तुम्हाला जाऊन आज बेचाळीस दिवस झाले हे मला पक्कं ठाऊक आहे, कॅलेंडरवर रोज खूण मीच करते. तरी डोळे थिएटरकडून येणाऱ्या भरडाच्या वाटेकडे लागले होते. तीनचा खेळ सुटला की तुम्ही त्याच वाटेने यायचात आणि फाटकाची कडी काढायच्या आत सांगायला लागायचात, "कोण मरणा नाय गो. उद्या बिनघोर चल."

आज कोणी आलं नाही. त्या सिनेमात कोण मरतं आणि कोण वाचतं, मला माहीत नाही.

लिहिते आहे तुम्हालाच, पण याची स्वच्छ प्रत काढून टोरांटोला श्रीच्या मुलांना पाठवायची आहे. नंदूचं पत्र आलं आहे. श्रीने सांगून लिहवून घेतलेलं दिसत नाही, त्याचं त्यानेच मराठीत लिहिलं आहे. चुका पुष्कळ आहेत, पण या वेळी मी लाल शाई घेतली नाही. "आजी, बाबा सांगतात आजोबा झोपेत गेले. मला वाटतं ते आम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगतात. खरं काय झालं ते तू सांग. आणि आजोबांचा बावट्यांचा तक्ता मला देशील का?" नंदू चौदा वर्षांचा आहे, मीना नऊची. त्यांना काय लिहावं हे मला पंधरा दिवस ठरवता आलेलं नाही. म्हणून आधी तुमच्याशी बोलून घेते, अगदी सुरुवातीपासून, म्हणजे मुलांनाही समजेल.

लग्नानंतरचा पहिला सिनेमा आपण तंबूत पाहिला. त्यात एका माणसाला कोणीतरी मागून विहिरीत ढकलतं. मी अशी किंचाळले की मशीनवाल्याने मशीन थांबवलं. दिवे लागले आणि सगळा तंबू पडद्याकडे पाठ करून माझ्याकडे बघायला लागला. घरी आल्यावर सासूबाई तुम्हाला म्हणाल्या, "शिकलेली सून हाडलंस खरी, पण ही कॉलेजात बोंब मारूकच शिकली की काय?" मला वाटलं, आता हा माणूस मला पुन्हा कधी सिनेमाला नेणार नाही. तुम्ही पुढच्या शुक्रवारी एकटेच गेलात, सिनेमा बघून आलात आणि मला सांगितलंत, "एकदाच मारामारी आसा, ती पण लांब. मी तुका आदी सांगान."

तुमची नोकरी बंदर खात्यात. वादळाची तार आली की धक्क्यावरच्या खांबावर बावटा चढवायचं काम तुमच्याकडे होतं. तेच तुम्ही माझ्या मनगटावर सुरू केलंत. अंधारात एक बोट टेकवलंत की एक नंबर, म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन बोटं म्हणजे वारा इथवर आला, सांभाळ. आणि दोन्ही हातांत माझा हात धरलात की दहा नंबर, डोळे मीट. मग ते दृश्य संपलं की तळवा मनगटावरून खाली घसरायचा आणि कानाशी शब्द यायचे, "उघड डोळे. बावटो उतरलो."

चव्वेचाळीस वर्षं मी एकही सिनेमा तुमच्याआधी पाहिला नाही, आणि तुम्ही प्रत्येक सिनेमा दोनदा पाहिलात.

इंग्रजी सिनेमा यायचा तेव्हा तर गंमतच. तुमचं इंग्रजी बोटींच्या आवक-जावकीच्या फॉर्मापुरतं. तरी तुम्ही पहिल्या खेळाला जायचात आणि येऊन गंभीरपणे सांगायचात, "एक मडम आसा. तिचो घोव बरो नाय. मधी एक म्हातारो मरता, पण तो तसो पण मरतलोच होतो. कुत्रो वाचता." दुसऱ्या दिवशी आपण मिळून जायचो आणि परतताना मी तुम्हाला सांगायची की ती मडम त्याची बायको नव्हतीच, बहीण होती. कोण वाचतं ते तुम्ही सांगायचात आणि का वाचतं ते मी.

माझ्या सिनेमाच्या वहीत चार रकाने आहेत. सिनेमाचं नाव, कुठे पाहिला, माझे गुण, तुमचे गुण. शाळेत इंग्रजी शिकवताना पेपर तपासायची सवय लागली ती अशी सगळीकडे शिरली. जुने सिनेमे मला आवडायचे, कारण त्यांत माणसं एकमेकांचं बोलणं पुरतं ऐकून घेतात. हल्लीच्या सिनेमांना मी चारच्या वर गेले नाही. मारामारी इतकी की तुमची बोटं मनगटावर तबल्यासारखी चालायची. शेवटी तुम्ही हात टेकलेत, "ह्येका बावटे पुरणत नाय गो." पण गुण द्यायची वेळ आली की त्यालाच तुम्ही आठ द्यायचात. का, म्हणून विचारलं तर म्हणायचात, "शेवटाक सगळे जेवूक बसतत." यावर आपण किती भांडलो असू!

दोन वर्षांपूर्वी मुलं मे महिन्यात आली तेव्हा नंदूने व्हिडिओ भाड्याने आणवला. बर्फात पडलेल्या विमानाचा एक इंग्रजी सिनेमा होता. कॅसेट सकाळी आली, संध्याकाळी बघायची होती. आम्ही सगळे तारकर्लीला समुद्रावर गेलो आणि तुम्ही गुडघा दुखतो म्हणून घरी राहिलात. संध्याकाळी खिडक्यांना चादरी लावून सिनेमा सुरू झाला आणि तुमची बोटं बरोबर वेळेवर माझ्या मनगटावर! नंदूच्या नजरेतून काय सुटतं? "आजोबा, तुम्हाला आधीच कसं कळतं?"

"बंदरावर तार येता रे."

मग त्याला तक्त्यासमोर उभं करून तुम्ही एक ते दहा समजावलंत. तक्ता इंग्रजीत, निवृत्त झालात तेव्हा बंदरावरून घरी आणलेला. नंदूने शेवटची ओळ वाचली. "आजोबा, अकरापण आहे. दहापेक्षा मोठं वादळ?"

"नाय रे. अकरा म्हणजे तार येणा बंद. खबरच नाय. मगे ज्येचा तेणा आभाळ बघूचा. माज्या नोकरीत कदी लावचो लागाक नाय."

त्या दिवसापासून मीना जेवतानासुद्धा कारलं वाढलं की ओरडायची, "आजी, तीन नंबर!"

आता खरं लिहायचं आहे ते लिहिते.

नंदूला पाठवायचा म्हणून मी गेल्या आठवड्यात सोमवारी तो तक्ता भिंतीवरून काढला. चौकटीच्या मागे चौघडी घातलेला एक कागद होता. गोव्याच्या हॉस्पिटलचा, इंग्रजीत. भाद्रपदात गणपती गेल्यावर तुम्ही पोटाचं दाखवायला सकाळच्या गाडीने गेला होतात, एकटेच. "तुजी शिकवणी बुडात, मी जावन येतंय," म्हणालात. संध्याकाळी परत आलात आणि फाटकाशीच, नेहमीसारखं, सांगितलंत, "पित्त आसा. तिखट बंद. भिया नको गो, शेवट बरो आसा."

मी विश्वास ठेवला. पहिला खेळ बघून आलेल्या माणसावर मी कधी अविश्वास दाखवला नव्हता.

कागदावर आजाराचं नाव आहे. उपाय फारसा नाही असंही आहे. आणि खाली डॉक्टरांनी लिहिलं आहे की घरच्यांना कल्पना द्यावी. डॉक्टरांनी तुम्हाला कोकणीत समजावलं असणार, म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं. आयुष्यभर या घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद तुम्ही माझ्यापुढे टाकलात. विम्याचा असो, श्रीच्या व्हिसाचा असो, औषधाच्या बाटलीतली चिठ्ठी असो. "वाच गो, काय म्हणतत ते." एवढा एकच कागद मला वाचायला दिला नाहीत. दहा नंबरचा बावटा चार महिने घडी करून तक्त्याच्या मागे ठेवलात.

मार्गशीर्षात तुम्ही पानात भात टाकायला लागलात. मी तुम्हाला बोलले. "लहान मुलासारखं पान टाकता, शोभतं का?" तुम्ही हसून दोन घास जास्त खाल्लेत. ते दोन घास मला रोज आठवतात. मला माहीत असतं तर मी बोलले असते का? हे तुम्ही कसं होऊ दिलंत?

कागद सापडला आणि माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. हा शेवट खोटा सांगितलात, तर आणखी किती? वही काढून बसले. आपण किती सिनेमांतून संपायच्या आधी उठलो ते शोधलं. बस चुकेल म्हणून, तुमचं डोकं दुखतं म्हणून, पाऊस येईलसं दिसतं म्हणून. असे सात निघाले. सातही सिनेमांचे शेवट मी तुमच्या तोंडून ऐकले होते आणि सातही बरे होते. आणि तुमच्या रकान्यात सातांनाही सहा किंवा त्याहून कमी गुण होते.

त्यांतला पहिला नावाड्याचा सिनेमा.

मुलांनो, तुमच्या बाबांच्या आधी आम्हाला एक मुलगी होती. पाच महिन्यांची होऊन गेली. त्यानंतर मी वर्षभर घराबाहेर पडले नाही. मग एकदा तंबूत नावाड्याचा सिनेमा आला आणि तुमच्या आजोबांनी मला जवळजवळ ओढून नेलं. पहिला खेळ त्यांनी पाहिला होता, पण ते सांगत होते की सिनेमा चांगला आहे, गाणी चांगली आहेत.

नावाड्याची मुलगी तापाने फणफणलेली असते आणि पलीकडच्या तीरावरून वैद्याला आणायला तो वादळात होडी घालतो. तेवढ्यावर, अहो, तुम्ही उठलात. आपण तेव्हा खाडीपलीकडे राहायचो. "होडी सुटात गो, चल." त्या होडीत बसल्यावर तुम्ही शेवट सांगितलात. "वैद येता. चेडू डोळे उघडता, आणि बापाशीक म्हणता, इलस?" मी पदर तोंडाला लावून रडले. बरं वाटून रडले, वर्षातून पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी वही सुरू केली आणि नऊ गुण लिहिले. तुम्ही सहा सांगितलेत.

सहा का, यावर आपण पुढे किती वर्षं वाद घातला! मी म्हणायची, असा शेवट करायला धैर्य लागतं, सगळेच कशाला मारायला हवेत? तुम्ही म्हणायचात, "माका नाय आवडलो." तुम्हाला सिनेमातलं कळत नाही असंही मी म्हटलं, दोनदा तरी, श्रीच्या देखत. तुम्ही दर वेळी हरलात. काय म्हणून हरत होतात ते मला कळायला सोमवार उजाडावा लागला.

त्याच बुधवारी टीव्हीवर सांगितलं की रविवारी जुना सिनेमा म्हणून तोच लागणार आहे.

ते चार दिवस मला जेवण गेलं नाही. दूध उतू गेलं, शनिवारी शिकवणीच्या मुलींना आदल्या दिवशीचाच धडा पुन्हा शिकवला. बघायचाच नाही असं ठरवलं. मग वाटलं, नाही बघितला तर उरलेलं आयुष्य त्या वहीकडे संशयानेच बघायचं.

रविवारी रुक्मी आली. आपल्याकडे सकाळी मासे घेऊन येते ती. रविवारचा सिनेमा बघायला ती कधी चुकत नाही, हे तुम्हीच तिला लावलंत. खुर्ची दिली तरी दाराला टेकून जमिनीवर बसते. तिचा घोव समुद्रावर गेलेला, त्यामुळे हातात गुळाचं खाजं असूनही लक्ष निम्मं बाहेर. पडद्यावर वादळ सुटलं, नावाड्याची होडी वरखाली व्हायला लागली, तशी ती माझ्या पायाशी सरकली.

"बाईनू, तुमी ह्यो आदी बघलास मां?"

"बघितलाय."

"चेडू वाचता मां?"

मी माझं डावं मनगट उजव्या हाताने धरून बसले होते. मला शेवट ठाऊक नव्हता. नव्हे, ठाऊक होता, तुमचे सहा गुण मला ठाऊक होते. तिचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघालं, "वाचते. भिऊ नकोस."

"मगे बरा," म्हणून ती मागे टेकली आणि खाजं खायला लागली. होडी हेलकावे खात होती आणि ती चक्क नावाड्याला सूचना देत होती. "वल्हा डावीकडे मार रे! खंय शिकलो हो?"

अहो, ती वाचत नाही. नावाडी वैद्याला घेऊन दाराशी येतो आणि त्याची बायको नुसती उभी असते. पुढे रडणं नाही, गाणं नाही. दुसरा दिवस उजाडतो. पलीकडच्या तीरावरून कोणीतरी हाक मारतं. नावाडी होडी सोडतो, माणसं घेतो. त्यांत एक लहान मुलगी आहे, ती पाण्यात हात बुडवून बसली आहे. तो तिला एकदाच म्हणतो, "हात आत घे, बाळ." आणि वल्ही मारत राहतो. संपलं.

मी डोळे मिटले नाहीत. शेवटपर्यंत उघडे ठेवले.

रुक्मी उठली ती माझ्यावरच. "बाईनू, तुमी माका फशिवलास! आदी सांगला असतास तर मी डोळे मिटून घेतले असते मां. असा अचानक कोणाक मारतत?" तुम्हाला सांगायची होती ती माझी सगळी वाक्यं ती मलाच ऐकवत होती. मी म्हटलं, चुकलंच माझं. ती पदराने डोळे पुसत दारापर्यंत गेली, चपला घातल्या, आणि वळली.

"पण एक सांगतंय. ती धा मिनटां बरी गेली."

ती गेल्यावर मी टीव्ही बंद करून बसले. चार महिने बरे गेले. बरेच गेले, हे मला नाकारता येत नाही. वहीत त्या चार महिन्यांत अकरा सिनेमे आहेत. एका विनोदी सिनेमाला तुम्ही दहापैकी दहा दिलेत आणि मी तुम्हाला त्यावरून आठवडाभर चिडवलं. मला ठाऊक असतं तर त्यातलं काय झालं असतं? मी तुमच्याकडे टक लावून बसले असते आणि तुम्हाला तेच नको असणार.

तुमच्या तेराव्याला थिएटरचा म्हातारा दारवान आला होता. त्याचं बोलणं तेव्हा माझ्या कानांवरून गेलं. आता आठवतं. तो म्हणाला, "काका पयल्या खेळाक दाराकडचीच खुर्ची घेयत. मारामारी इली की भायर येवन माज्याकडे उभे रवत. माका इचारीत, झाला काय रे ता? मी व्हय म्हटलंय की आत जायत."

म्हणजे भित्री मी एकटी नव्हते. पहिला खेळ तुम्ही एकटे बघत होतात आणि तुमच्या मनगटावर कोणाचंच बोट नव्हतं. गोव्याच्या त्या डॉक्टरांसमोरही नव्हतं. तिथून बाहेर येऊन तुम्ही कोणाला विचारलंत? पणजीच्या स्टँडवर उभं राहून, चार तास गाडीत बसून, फाटकाशी आल्यावर चेहरा नीट करायला तुम्हाला काय पडलं असेल? राग गेलेला नाही माझा. पण रागावून झालं की मी पुन्हा त्या गाडीत तुमच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसते.

नावाड्याच्या सिनेमाचं मात्र ऐकून घ्या. माझे नऊ मी खोडले. ते तुमच्या शेवटाचे होते. खऱ्या शेवटाला मी दहा दिले आहेत. तुमचे सहा तसेच ठेवले आहेत आणि ते साफ चूक आहेत. मुलगी गेली म्हणून चार गुण कापायचे नसतात. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकायला मला फार आवडलं असतं. मी सिनेमाला भ्यायची आणि वहीत तुम्ही भ्यायचात, इतकंच.

आता मुलांचं. तुमच्यासारखं करायचं नाही असं मी ठरवलं आहे. पाकिटाच्या कोपऱ्यात मी तीनचा आकडा काढणार आहे, म्हणजे ज्याला वाचायचं नसेल त्याने थांबावं. नंदू, मीना, तुमचे आजोबा झोपेत गेले नाहीत. त्यांना आजार होता, त्यांना तो माहीत होता आणि आम्हाला त्यांनी सांगितला नाही. शेवटचे पंधरा दिवस दुखत होतं. त्या सकाळी ते जागे होते. पाणी मागितलं, मी चमच्याने दिलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि थोड्या वेळाने हात सैल झाला. एवढंच झालं. आरडाओरडा झाला नाही, माझाही नाही. तंबूत किंचाळणारी तुमची आजी त्या दिवशी गप्प होती.

अहो, तुम्हाला विचारायचं राहिलेलं हे एकच. त्या वेळी मनगटावर किती बोटं होती? मला मोजायचं सुचलं नाही. एक होतं, की तीन, की नुसता धरलेला हात? रोज सकाळी मी तिथे बोट ठेवून आठवून बघते. आठवत नाही.

तक्ता आज पुठ्ठ्यात बांधला. बांधायच्या आधी शेवटची ओळ पुन्हा वाचली. अकरा, केंद्राशी संपर्क तुटला आहे. तुम्ही चव्वेचाळीस वर्षं जी तार आणत होतात ती आता येणार नाही.

संध्याकाळी पायरीवरून उठत होते तेवढ्यात रुक्मी रिकामी पाटी घेऊन परत चालली होती. मी तिला थांबवलं. "उद्या तीनच्या खेळाला येतेस?"

"शेवट बरो आसा मां?" तिने डोळे बारीक करून विचारलं. "का माका परत फशिवतलास?"

"मला ठाऊक नाही. कोणी बघून आलेलं नाही."

तिने पाटी एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली. "मगे घाबरलंय तर तुमचो हात धरीन हां."

"धर," मी म्हटलं. "मीही धरीन."